आधी प्रूफ, मग ग्रुप : सीमाभागातल्या छोट्या डिझाइन-छपाईवाल्यांसाठी

बेळगावात डिझाइनचं नवं दुकान निघालं की त्याच आठवड्यात दोन गोष्टी होतात. कुंदा वाटला जातो आणि मालक व्हॉट्सॲप ग्रुप काढतो. ओळखीचे, अनोळखी, शाळेतले मित्र, मेहुण्याचे मित्र असे तीनशे नंबर त्यात पडतात. महिनाभरात तिथं गुड मॉर्निंगची फुलं, कुणाच्यातरी प्लॉटची जाहिरात आणि 'अर्जंट फ्लेक्स कोण करतंय?' एवढंच उरतं. मीही असा ग्रुप काढला होता. तो अजून आहे, म्यूट करून ठेवलाय.

त्यामुळे या लेखात ग्रुप चौथ्या पायरीवर येतो. डीटीपी, लग्नपत्रिका, फ्लेक्स, शूटिंग, रील, सोशल मीडियाची पानं, अनुवाद, रिक्षातून अनाउन्समेंट अशी एक-दोन माणसांवर चालणारी दुकानं बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यात गल्लोगल्ली आहेत. त्यात नव्यानं उतरणाऱ्यांसाठी हे लिहितोय. जुन्यांना यातलं बरंच माहीत असतं, ते सांगत नाहीत एवढंच.

पहिली पायरी : काय येत नाही ते लिहा

वहीचं एक पान घ्या. डावीकडे येतं ते, उजवीकडे येत नाही ते. डावी बाजू सगळेच भरभर लिहितात. उजवीकडे प्रामाणिकपणे लिहायला संध्याकाळ जाते. ड्रोन नाही, ऑफसेट मशीन नाही, व्हिडिओ एडिटिंग जेमतेम. आपल्यापैकी बहुतेकांच्या उजव्या बाजूला सगळ्यात वर एक ओळ यायला हवी, आणि तीच आपण लिहीत नाही : कन्नड लिहिता येत नाही.

बोलता येतं हो. बाजारात, बसमध्ये, बँकेत आपलं कन्नड धावतं. बोलणं वेगळं आणि दहा फुटी बोर्डावर छापणं वेगळं.

दुसरी पायरी : कन्नड प्रूफवाला शोधा

इथं मी जरा रेंगाळणार आहे. या भागात छोट्या दुकानांची जी काही खरी भागीदारी टिकते ती इथूनच सुरू होते, असं माझं मत आहे.

कारण साधं आहे. कर्नाटकात २०२२ चा कन्नड भाषा समग्र विकास कायदा आहे. २०२४ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि दुकानं, व्यवसाय, संस्था यांच्या नामफलकावर ६० टक्के कन्नड, तेही वरच्या अर्ध्या भागात, सक्तीचं झालं. त्याबद्दल तुमचं मत काहीही असो, गल्लीतल्या दुकानदाराला बोर्ड लावायचा आहे, तो तुमच्याकडे येतो, आणि बोर्ड उतरवायची वेळ आली तर तुमच्याच नावानं बोटं मोडतो. उलट बाजूही तितकीच खरी. कन्नड डीटीपीवाल्याकडे मराठी लग्नपत्रिका येते, गणेश मंडळाची पावती पुस्तकं येतात, आणि तो 'येणाऱ्या' हा शब्द 'येणार्या' असा छापून मोकळा होतो. दोघांनाही दुसऱ्याची गरज आहे, दोघंही ती गूगल ट्रान्सलेटवर भागवतात.

मी ती भागवली आणि अंगाशी आली. टिळकवाडीतल्या एका दुकानाचा बोर्ड होता. मालकाचं आडनाव कन्नडात मीच टाइप केलं. मराठीत ए एकच, ओ एकच. कन्नडात दोन्हींचे ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन-दोन प्रकार, आणि त्यांची अक्षरंही वेगळी. मी मिळेल तो घेतला. बोर्ड चढला, लायटिंग लागलं, आणि समोरच्या औषधवाल्यानं रस्त्यातूनच ओरडून सांगितलं, "सर, इदु तप्पु." म्हणजे हे चुकलंय. दुसरा बोर्ड माझ्या खिशातून झाला. त्या पैशात वर्षभराचं प्रूफरीडिंग झालं असतं.

शब्दांचे सापळे तर विचारू नका. दोन्ही भाषांत संस्कृत शब्द सारखे दिसतात म्हणून आपण निर्धास्त असतो. मराठीत 'अनुमान' म्हणजे तर्क, कन्नडात संशय. मराठीत 'अवसर' म्हणजे वेळ, संधी. कन्नडात 'अवसर' म्हणजे घाई. कन्नडात 'माराट' लिहिलं असेल तर ते आपल्याबद्दल नाही, तिथं काहीतरी विकायला काढलंय.

शोधायचं कुठं? मोठ्या एजन्सीत जाऊ नका. तुमच्याच आकाराचं दुकान बघा, शक्यतो चालत जाण्याच्या अंतरावर. मला माझा माणूस खडेबाजारात मिळाला, वयानं मोठे, मी त्यांना अण्णा म्हणतो, ते मला सर म्हणतात, आणि आम्ही दोघंही एकमेकांच्या भाषेत चुका करत बोलतो. पहिल्या भेटीला हात हलवत जाऊ नका. त्यांच्या दुकानातल्या एखाद्या मराठी पत्रिकेतल्या चुका पेन्सिलीनं खुणा करून न्या, फुकट. मी तेच केलं. अण्णांनी चष्मा लावला, पत्रिका बघितली, चहा सांगितला.

मग ठरवून टाका : तुमचं मराठी मी बघतो, माझं कन्नड तुम्ही बघा. बोर्ड, पत्रिका, एका पानाचं पत्रक यांना पैसे नाहीत. आठ पानांच्या वर गेलं की पानाला दर. मशीनवर जाण्याआधी समोरच्याचा 'ओके' लेखी हवा, व्हॉट्सॲपवर चालेल. फोनवरचा 'ओके' चालत नाही. फोनवर सगळेच ओके म्हणतात.

फाइल देताघेताना तांत्रिक भानगडी येतात, त्या पहिल्याच दिवशी मिटवा. आपल्याकडची जुनी मंडळी मराठीला श्रीलिपी आणि कन्नडला नुडी या टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर बसलेली आहेत. हे जुने फॉन्ट युनिकोड नव्हेत, म्हणजे कुठल्याही संगणकावर तीच अक्षरं दिसतील अशा पद्धतीचे नव्हेत. समोरच्याकडे नेमका तोच फॉन्ट नसेल तर पत्रिकेच्या जागी चिन्हांची खिचडी उघडते. जुन्या कोरलड्रॉमध्ये उलटं होतं, युनिकोड मजकूर चिकटवला की वेलांटी एकीकडे आणि जोडाक्षर दुसरीकडे. यावर आमचा नियम असा : प्रूफ नेहमी पीडीएफमध्ये, छपाईची फाइल कर्व्ह करून (म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून), आणि मूळ मजकूर युनिकोडमध्ये वेगळा ठेवायचा. कर्व्ह केलेल्या फाइलमध्ये शब्द दुरुस्त करता येत नाही, म्हणून न केलेली प्रतही जपायची.

नवीन काम सरळ युनिकोडवरच सुरू करा. एक टाईप या मुंबईच्या संस्थेचा बलू फॉन्ट देवनागरीत आहे आणि त्याचाच कन्नड भाऊ बलू तम्मा. दोन्ही मोफत, दोन्ही एका वळणाचे. बोर्डावर दोन भाषा शेजारी बसतात तेव्हा त्या एका घरच्या दिसतात. गूगलच्या नोटो फॉन्टचंही तसंच. देवनागरी फॉन्ट निवडताना मात्र ल आणि श बघून घ्या. काही फॉन्टमध्ये हिंदी वळणाचे येतात आणि आपल्या आजीबाईंना पत्रिका परक्या गावची वाटते. 'डोंगरदऱ्या' टाइप करून बघा. 'दर्या' दिसला तर समुद्र आला, फॉन्ट बदला.

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेलं डिझाइन दाबलं जातं, त्याची धार जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

तिसरी पायरी : एक छोटं काम, आणि पैशाची बोली आधी

प्रूफची देवाणघेवाण दोनतीन महिने जमली की एक काम मिळून घ्या. मोठं नको. पतसंस्थेचा वार्षिक अहवाल हे चांगलं पहिलं काम : दोन भाषा, आकड्यांची कोष्टकं, ठरलेली तारीख. ऑगस्ट-सप्टेंबरात सभांचा हंगाम असतो, आणि आपल्या भागात सोसायट्यांना तोटा नाही.

काम सुरू होण्याआधी एक मेसेज लिहायचा. त्यात पाच-सहा ओळी पुरतात : गिऱ्हाइकाशी बोलणार कोण, बिल कुणाच्या नावानं, कुणाला किती, ॲडव्हान्समधून आधी कागदाचे पैसे वजा करणार का, दुरुस्त्या किती वेळा फुकट, गिऱ्हाइकानं पैसे बुडवले तर तोटा कसा वाटायचा. शेवटची ओळ लिहिताना सगळ्यांना लाज वाटते. लिहा.

'आम्ही पार्टनर' असं सहज म्हणत सुटू नका. नफा वाटून घेणारा एकत्र धंदा म्हणजे १९३२ च्या कायद्यानं भागीदारी ठरू शकते, आणि तिथं एकाचं देणं दुसऱ्याच्या घरापर्यंत येतं. आपली दुकानं वेगळी, बिलं वेगळी. एकानं गिऱ्हाइकाला बिल करायचं, दुसऱ्यानं त्या दुकानाला. मोठी संस्था टीडीएस, म्हणजे आयकराचा हिस्सा, आधीच कापून देते, तो ज्याच्या नावानं बिल त्याच्याच पॅनवर जमा होतो. वाटणी करताना हे विसरलं की मार्चमध्ये चेहरे पडतात.

सीमेचा प्रश्न इथं अगदी वहीतला होतो. आपलं गिऱ्हाईक शिनोळीच्या कारखान्यात आहे. बेळगावातून अर्ध्या तासात पोहोचता, पण तो चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र. कोल्हापूर, गडहिंग्लजचंही तेच. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, आणि ऑक्टोबर २०१७ पासून ही सूट राज्याबाहेर सेवा दिली तरी मिळते. डिझाइन, अनुवाद, पानं सांभाळणं ही सेवा. मालाचं तसं नाही. राज्याबाहेर माल विकायचा म्हटलं की उलाढाल लहान असली तरी साधारणपणे नोंदणी लागते. छपाई मधेच लटकते : गिऱ्हाइकाचा मजकूर घेऊन पत्रक किंवा अहवाल छापला तर ती सेवा, छापील पाकिटं आणि खोकी दिली तर तो माल, असा खुलासा २०१७ मध्येच झाला आहे. शिनोळीच्या कारखान्याला खोकी हवी असतील तर सीएला आधी फोन करा, नंतर नको. नोंदणी असेल तर सीमेपलीकडच्या बिलावर राज्यातल्या राज्यातला सीजीएसटी-एसजीएसटी लावायचा नाही, दोन राज्यांमधला आयजीएसटी लावायचा.

उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून ठेवा. ऑनलाइन आहे, फुकट आहे, आधार आणि पॅन लागतं. पैसे घेऊन करून देणारे भेटतील, त्यांना नमस्कार करा. या नोंदणीचा उपयोग उधारी वसूल करताना होतो. एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्यानुसार लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, दर महिन्याला चक्रवाढ. एका संस्थेनं आमचे सात महिने थकवले होते. दरवेळी "चेअरमन साहेब बाहेरगावी आहेत" हेच ऐकलं. शेवटी बिलाखाली उद्यम क्रमांक आणि या नियमाची एक ओळ छापून परत पाठवलं. भांडण नाही, वकील नाही. साहेब गावात आले.

चौथी पायरी : आता ग्रुप

आता तुमच्याकडे दोनतीन माणसं आहेत ज्यांच्याबरोबर काम करून पैसे नीट वाटून झाले आहेत. ती माणसं म्हणजे ग्रुप. प्रत्येकानं आणखी एक आणायचा, पण ज्याच्याशी स्वतः व्यवहार केलाय असाच. आठ-दहा झाले की थांबा. व्हॉट्सॲप १०२४ माणसं घेऊ देतं, म्हणून घ्यायलाच पाहिजेत असं नाही.

माणसं निवडताना धंदे वेगळे बघा. पाच फ्लेक्सवाले एकत्र आले की दर पाडण्याची स्पर्धा होते. एक डीटीपी, एक कन्नड प्रूफ, एक शूटिंग, एक रीलवाला पोरगा, एक ऑफसेटवाले, एक स्क्रीन प्रिंटिंग, एक उर्दू लिहिणारा, एक रिक्षावाला ज्याच्या टपावर भोंगा आहे. आमच्यात निपाणीच्या एक ताई आहेत, घरून अनुवाद करतात. सगळ्यात कमी बोलतात आणि सगळ्यात जास्त काम त्यांच्याकडे जातं.

कामाचा मेसेज कसा टाकायचा ते ठरवा, नाहीतर 'अर्जंट आहे, कोण करेल?' परत सुरू होतं. काय काम, आकार किंवा पानं, भाषा, तारीख, पैसे किती आणि कधी, एवढं एका मेसेजमध्ये. पैशाचा आकडा नसलेला मेसेज ॲडमिननं काढून टाकायचा. हा नियम आणल्यावर आमच्याकडे दोन जण रुसले, एक परत आला.

ॲडमिन दोन ठेवा, एक मराठी आणि एक कन्नड. भाषा ज्याला जी सुचेल ती. आमच्याकडे अर्धे निरोप आवाजात येतात, कारण वाचता येत नाही त्यांनाही ऐकून कळतं. मात्र आकडे आणि तारखा लिहूनच.

आणि एक बंदी. सीमाप्रश्न ग्रुपवर नाही. माझी मतं आहेत, अण्णांचीही आहेत, चहावर आम्ही ती भरपूर काढतो. ग्रुपवर फॉरवर्ड आला की पाच मिनिटांत धंद्याची माणसं दोन बाजूंना उभी राहतात. १ नोव्हेंबरला एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे काळा दिन. त्या आठवड्यात आम्ही 'फक्त ॲडमिन मेसेज करू शकतात' हे बटण दाबून ठेवतो. त्याच दिवसांत डिलिव्हरीचाही विचार करा. वाद पेटला की दोन्ही राज्यांच्या बसा थांबतात आणि कोल्हापूरहून बसपार्सलनं येणारा कागद स्टँडवरच बसतो. तारीख जवळ असेल तर माल दोन दिवस आधी उचला.

ग्रुपला वर्षाचं कॅलेंडर असू द्या, कारण आपला धंदा वर्षभर सारखा नसतो. शिवजयंतीला चित्ररथांची मिरवणूक म्हणजे बॅनर आणि शूटिंगची रात्र. गणपतीआधी मंडळांची पावती पुस्तकं, अहवाल. हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांची साहित्य संमेलनं आणि त्यांच्या निमंत्रणपत्रिका. डिसेंबरात बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की बाहेरगावचे कॅमेरावाले स्थानिक माणूस शोधत येतात. लग्नसराई आहेच. कुणाला कधी दोन हात जास्त लागणार हे महिनाभर आधी लिहिलेलं असलं की ऐनवेळी रडारड होत नाही.

दोन कामांत सगळ्यांनी सावध राहायचं. निवडणुकीचं पत्रक किंवा पोस्टर असेल तर त्यावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापावाच लागतो. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२७-अ. प्रकाशकानं दोन साक्षीदारांच्या सह्यांचं घोषणापत्र दोन प्रतींत छापणाऱ्याला द्यायचं असतं. चुकलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. काम वाटून केलं की इथंच घोळ होतो. डिझाइनवाल्याला वाटतं प्रेस टाकेल, प्रेसला वाटतं फाइलमध्ये आहे. ती ओळ डिझाइनमध्येच असली पाहिजे, हे आमच्या ग्रुपच्या माहितीत वर लिहिलेलं आहे.

दुसरं फ्लेक्स. कर्नाटकात मार्च २०१६ पासून प्लॅस्टिक फ्लेक्सवर बंदी आहे आणि १ जुलै २०२२ पासून देशभर १०० मायक्रॉनच्या आतले पीव्हीसी बॅनर बंद आहेत. चौकात मान वर करून बघितलं तर हे खरं वाटणार नाही. पण कारवाईची मोहीम निघते तेव्हा आधी छापणाऱ्याकडे येतात. ग्रुपमध्ये कापडावर छापणारा एक तरी असू द्या.

पाचवी पायरी : गिऱ्हाइकाला दिसणारी बाजू

इथं फार वेळ घालवू नका. गूगलवर दुकानाची नोंद करा, पत्त्यात 'बेळगाव' आणि 'बेळगावी' दोन्ही येऊ द्या. सरकारी नाव नोव्हेंबर २०१४ ला बदललं, शोधणारी माणसं अजून दोन्ही नावांनी शोधतात. इन्स्टाग्रामवर झालेल्या कामाचे फोटो टाका, बरोबर काम केलेल्याला टॅग करा, गिऱ्हाइकाला विचारून. लग्नाचे फोटो न विचारता टाकले की वधूचे मामा दुकानात येतात.

व्हॉट्सॲप बिझनेसमधली ब्रॉडकास्ट यादी चांगली, पण ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच ती पोहोचते. म्हणून बिलावर, पत्रिकेच्या पाकिटावर लिहा : नंबर सेव्ह करा, नमुने पाठवू.

भांडण होणारच

एकानं दुसऱ्याचं गिऱ्हाईक उचललं, हे दर वर्षी एकदा होतं. आमचा नियम असा की ज्याच्यामार्फत गिऱ्हाईक आलं त्याच्याकडे पुढचं एक वर्ष तरी काम आधी जायचं. गिऱ्हाईकच थेट तुमच्याकडे आलं तर त्याला परत पाठवू नका, पण ज्यानं आणलं होतं त्याला त्याच दिवशी फोन करून सांगा. लपवल्याचं निघालं तर ग्रुपवर पंचनामा करायचा नाही. दोघांना आणि एका वडीलधाऱ्याला चहाला बसवायचं. टायपून मिटलेलं भांडण मी बघितलेलं नाही.

कुणी सोडून गेला तर मूळ फाइली ठेवून जायचं. युनिकोड मजकूर, कर्व्ह न केलेली फाइल, वापरलेले फॉन्ट, सगळं ड्राइव्हवर गिऱ्हाइकाच्या नावाच्या फोल्डरमध्ये. गूगल १५ जीबी फुकट देतं, तेवढ्यात बरंच बसतं. आमच्यातला एक जण हुबळीला नोकरीला गेला. त्यानं केलेला एका सोसायटीचा अहवाल पुढच्या ऑगस्टमध्ये परत आला, फक्त आकडे बदलायचे होते. अण्णांनी फाइल उघडली, खाली वर करून बघितली आणि म्हणाले, "फॉन्ट जाग्यावर आहे सर, दुपारपर्यंत देतो."